चित्रकलेची पदवी आणि जोडविषयाची निवड

या स्मरणिकेच्या वाचकांपुढे एक व्यवहाराचा विषय मांडत आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून शिक्षणाची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, आय. टी. आय., स्पर्धा परीक्षा यांची माहिती आता बहुतेक घरांत असते. परंतु एखाद्या मुलीने "मला चित्रकलेत पदवी घ्यायची आहे" असे म्हटले, की घरातील मोठी माणसे गप्प होतात. होकार देण्याइतकी माहिती त्यांच्याजवळ नसते आणि नकार देण्याइतकीही नसते. ती माहिती थोडक्यात देणे हा या लेखाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू त्याहून महत्त्वाचा आहे. पदवीच्या मुख्य विषयाबरोबर जो दुसरा विषय निवडावा लागतो, त्याकडे आपले विद्यार्थी आणि पालक दोघेही दुर्लक्ष करतात. मैत्रिणीने घेतला म्हणून, मार्क सुटतात म्हणून किंवा तास दुपारी संपतात म्हणून तो विषय घेतला जातो. चित्रकार होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींचे खरे नुकसान तेथे होते, असे माझे मत आहे.

१) ही पदवी म्हणजे काय?

आपल्याकडे चित्रकलेचे शिक्षण म्हटले की जुन्या पिढीला ए. टी. डी. आणि जी. डी. आर्ट ही नावे आठवतात. या पदविका होत. शाळेतले ड्रॉइंग मास्तर बहुधा याच वाटेने आलेले असत. मुंबईची सर ज. जी. कला शाळा १८५७ साली सुरू झाली. तिथे अनेक दशके कसब शिकविण्यावर भर होता आणि विद्यापीठाच्या पदवीशी त्याचा संबंध नव्हता. पुढे तेथे मुंबई विद्यापीठाची बी. एफ. ए. ही पदवी आली आणि २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

विद्यापीठात चित्रकलेला पदवीचे स्थान मिळवून देण्याचे मोठे काम बडोद्याला झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, तेथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली. भारतात ललित कलेची विद्यापीठीय पदवी देणारी पहिली विद्याशाखा म्हणून ती ओळखली जाते. ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांच्याच नावाचे हे विद्यापीठ आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बडोद्याच्या योजनेत चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण आणि उपयोजित कला यांच्या बरोबरीने कलेचा इतिहास व सौंदर्यशास्त्र यांना जागा दिली गेली. जो ब्रश चालवतो त्याने वाचलेही पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

आज या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट बी. एफ. ए. किंवा तत्सम पदवीची. ती साधारणपणे बारावीनंतर चार वर्षांची असते. महाराष्ट्रात तिच्या प्रवेशासाठी राज्याची प्रवेश परीक्षा घेतली जाते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान यांचा कस लागतो. दुसरी वाट बी. ए. ची. काही महाविद्यालयांत बी. ए. ला चित्रकला हा विषय घेता येतो. पहिल्या वाटेत हाताचे काम अधिक, तर दुसऱ्या वाटेत इतर विषयांना वाव अधिक. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये.

२) जोडविषय आणि त्याचा हिशेब

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात मेजर आणि मायनर हे शब्द रूढ झाले. मराठीत त्यांना मुख्य विषय आणि गौण विषय असे म्हणतात. 'गौण' हा शब्द मला पटत नाही. त्यामुळे मुलांच्या मनात तो विषय आधीच खालचा ठरतो. मी त्याला जोडविषय म्हणतो. शेतकरी जोडधंदा करतो तो शेतीला आधार म्हणून, तसाच हा विषय आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजला आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यांपैकी ६० मुख्य विषयाचे आणि २४ जोडविषयाचे. चार वर्षांच्या पदवीला किमान १६०, त्यांत मुख्य विषयाचे ८० आणि जोडविषयाचे ३२. उरलेले क्रेडिट भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव वगैरेंसाठी असतात. व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. आता हिशेब करून पाहा. २४ क्रेडिटचा जोडविषय व्याख्यानांनीच पुरा करायचा म्हटला, तर ३६० तास होतात. ३६० तास एखादा विषय जाणत्या शिक्षकापुढे बसून शिकायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. ते तास केवळ हजेरीपुरते घालवायचे की त्यांतून आयुष्याची शिदोरी बांधायची, हे अर्ज भरतानाच ठरते.

हे क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. त्यासाठी २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिट बँक सुरू झाली आहे आणि तिचे खाते डिजिलॉकरच्या माध्यमातून उघडता येते. मी स्वतः बँकेत लिपिक असल्याने मला ही कल्पना चटकन समजली. विद्यार्थ्याने अभ्यास करून मिळविलेले क्रेडिट पासबुकातल्या रकमेसारखे शिल्लक राहते. घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबले तरी ते बुडत नाही. एक वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष पुरे केल्यास ऑनर्स पदवी, अशी सर्वसाधारण रचना आहे. मात्र बँकेतल्या पैशाप्रमाणे हे क्रेडिट कायमचे नसते. त्याची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची असते. लग्न, बाळंतपण किंवा वडिलांचे आजारपण यांमुळे ज्या मुलींचे शिक्षण थांबले आहे, त्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी आणि ती संपण्यापूर्वी पुन्हा प्रवेश घ्यावा.

ही रचना सर्व विद्यापीठांत एकसारखी लागू झालेली नाही. विशेषतः बी. एफ. ए. सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमात कलेचा इतिहास अनेक ठिकाणी सक्तीचाच असतो आणि निवडीला वाव कमी असतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत. जोडविषय कोणते आहेत? त्यांना शिक्षक नेमलेले आहेत काय? निवडलेला विषय पुढे बदलता येतो काय?

३) बाबासाहेबांचे उदाहरण

जोडविषयाचे मोल काय, हे समजून घ्यायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परंतु त्याबरोबर त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र या विषयांचाही अभ्यास केला. पुढे ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा आणि वाढ यांवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तो कोठे वाचला? अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, तर डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. ज्या विचाराने पुढे कोट्यवधी माणसांचे जीवन बदलले, त्याची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी मुख्य विषयाबाहेरच्या एका वर्गात झाली. केवळ पदवी पदरात पाडून घ्यायची असती, तर मानवशास्त्राकडे वळण्याचे त्यांना काही कारण नव्हते. आपल्या समाजाचा प्रश्न ज्या विषयाच्या साहाय्याने उलगडेल, तो विषय त्यांनी घेतला. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्यायचा धडा हाच होय.

४) अजिंठ्याचा धडा

चित्रकलेच्या बाबतीत हीच गोष्ट अजिंठ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. इंग्रज अधिकारी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर ज. जी. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम केले. अंधाऱ्या गुहांत बसून या भारतीय विद्यार्थ्यांनी भिंतीवरची रेघ न् रेघ कॅनव्हासवर उतरविली. दुर्दैवाने त्यांपैकीही पुष्कळ चित्रे १८८५ च्या आगीत लंडनलाच नष्ट झाली. या मेहनतीवर आधारलेले ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या विद्यार्थ्यांच्या हाताला तोड नव्हती. पण भिंतीवर कोणती कथा आहे, हे अनेक ठिकाणी केवळ चित्र पाहून सांगता येत नव्हते. त्यासाठी पाली आणि संस्कृत ग्रंथ वाचणारे अभ्यासक लागले. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चित्राजवळ काही अक्षरे होती. ती आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोकांची आहेत, हे जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी ओळखले आणि त्यावरून तेथील क्षांतिवादी जातकाचा उलगडा झाला. रशियाचे ओल्डेनबर्ग, फ्रान्सचे फूशे, जर्मनीचे श्लिंगलॉफ अशा अनेकांनी आयुष्याची वर्षे खर्चून एकेका भिंतीची कथा लावली. आपल्या धम्माची चित्रे आपल्याच भूमीवर आहेत. त्यांचा अर्थ लावण्याचे काम मात्र बरेचसे परदेशी पंडितांनी केले, याचा विचार व्हायला हवा.

एक उदाहरण देतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात हत्तींचा कळप आणि मूर्च्छित पडलेली राणी दिसते. माहिती नसलेला प्रेक्षक हत्ती किती छान काढले आहेत असे म्हणून पुढे जातो. ही छद्दंत जातकाची कथा आहे. बोधिसत्त्व सहा सुळ्यांचा गजराज होता. त्याच्या एका राणीच्या मनात मत्सर निर्माण झाला. पुढच्या जन्मी ती काशीची राणी झाली आणि सूड घेण्यासाठी तिने व्याधाला त्याचे सुळे आणायला पाठविले. विषारी बाण लागला तरी गजराजाने व्याधावर राग धरला नाही. व्याधाला सुळे कापता येईनात, तेव्हा त्याने स्वतःच ते कापून दिले. सुळे समोर आले तेव्हा राणीला आपल्या पूर्वजन्मीच्या पतीची आठवण झाली आणि ते दुःख तिला सोसवले नाही. ही कथा ठाऊक असली म्हणजे त्याच रेषा करुणेविषयी बोलू लागतात. चित्रकाराने कथा वाचलेली असेल, तर तो नुसती नक्कल न करता असे चित्र आज नव्याने रचू शकतो.

अजिंठा पाहून, समजून, पुढे काय करता येते याचेही उदाहरण आहे. नंदलाल बोस हे तरुणपणी १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर अजिंठ्याला प्रतिकृती करण्यासाठी आले होते. पुढे ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवू लागले. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा ते त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह केले. त्या पानांवर मोहेंजोदडोची मुद्रा आहे, बुद्धजीवनातील प्रसंग आहे आणि सम्राट अशोकाचा धम्मप्रसारही आहे. संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी त्या प्रतीवर सह्या केल्या. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, त्याची पाने सजविण्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचाही हात होता. मोहेंजोदडोपासून अशोकापर्यंतचा इतिहास ठाऊक नसता, तर नुसत्या चांगल्या हाताने ती पाने सजली नसती.

५) आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा का?

जातिव्यवस्थेने हात आणि अक्षर यांची ताटातूट केली. ज्यांच्या हातात कसब होते, त्यांना अक्षर नाकारले. ज्यांच्याजवळ अक्षर होते, त्यांनी हाताच्या कामाला हलके मानले. त्यामुळे आपल्यातला कारागीर दुसऱ्याने सांगितलेले काढत राहिला. आपल्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांचे चित्र, जयंतीचे फलक, दुकानांच्या पाट्या रंगविणारे कसबी पेंटर होते. फ्लेक्स छपाई आली आणि बघता बघता त्यांचे काम गेले. हात तितकाच चांगला होता, पण त्याच्या जोडीला दुसरी विद्या नव्हती, म्हणून दुसरे दारही उघडले नाही. आज आपले फलकही सगळीकडे एकाच साच्याचे दिसतात.

याच्या उलट उदाहरण म्हणजे नागपूरचे चित्रकार सवी सावरकर. त्यांनी बडोद्यात मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि अस्पृश्यता, देवदासी प्रथा हे विषय चित्रांतून निर्भीडपणे मांडले. सामाजिक इतिहासाची जाण असल्याशिवाय असे काम उभे राहत नाही. मुख्य विषयाने हात तयार होतो, पण त्या हाताने काय काढायचे हे ठरविण्याचे बळ वाचनातून आणि जोडविषयातून येते.

६) निवड कशी करावी?

अ) आपण पुढे काय करू इच्छितो, ते प्रथम कागदावर लिहावे. संग्रहालय किंवा पुरातत्त्व क्षेत्राकडे ओढा असेल, तर इतिहास किंवा प्राचीन भारतीय संस्कृती हा जोडविषय घ्यावा. जाहिरात व छपाईकडे जायचे असेल, तर वाणिज्य, मानसशास्त्र किंवा जनसंज्ञापन उपयोगी पडते. पुस्तकांसाठी चित्रे काढायची असतील, तर मराठी साहित्य घ्यावे.

आ) पाली विषय केवळ मार्क सुटतात म्हणून घेऊ नये आणि केवळ नोकरी नाही म्हणून टाळूही नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीच्या अध्यापनाची परंपरा आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पाली आली, तर अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, कान्हेरी ही ठिकाणे त्याच्यासाठी सहलीची न राहता अभ्यासाची होतील. अजिंठ्याची बरीच चित्रे संस्कृत ग्रंथांवरही आधारलेली आहेत, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

इ) ज्या विषयाला शिक्षकच नाही, तो विषय कितीही चांगला असला तरी घेऊ नये. तेथे ३६० तास कागदावरच राहतात.

ई) अवघड विषयाला भिऊ नये. चित्रकलेत प्रात्यक्षिकाला वेळ फार लागतो हे खरे, परंतु रोज एक तास वाचनाची सवय पहिल्या वर्षीच लावून घेतली, तर जोडविषय जड जात नाही.

७) खर्चाची बाजू

पालकांची भीती रास्त आहे, ती झटकून टाकू नये. कलाशिक्षकांच्या जागा पूर्वीसारख्या सहज निघत नाहीत. पदवी मिळाली की नोकरी मिळालीच असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. फीशिवाय रंग, कागद, कॅनव्हास, छपाई यांचा खर्च प्रत्येक सत्रात वेगळा असतो. तो अर्ज करण्यापूर्वीच वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून लिहून काढावा. पात्र विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर वेळेत भरावा. वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालाआधीच तयार ठेवावीत.

शैक्षणिक कर्ज हा शेवटचा उपाय समजावा. साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. त्यामुळे पालकांना वाटते की तोवर काही द्यायचे नाही. प्रत्यक्षात व्याज त्या काळातही चढत असते. शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याजापुरती रक्कम भरत जावी, म्हणजे पुढे हप्त्याचा बोजा हलका राहतो.

८) संस्थांनी काय करावे?

आपल्या कल्याणकारी संस्था जयंतीला चित्रकला स्पर्धा भरवितात, बक्षिसे देतात आणि विषय तेथेच संपतो. त्याऐवजी विहारात रविवारी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांचा वर्ग चालवावा. वाचनालयात जातककथांचे मराठी पुस्तक मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवावे. लेण्यांची सहल काढली, तर फोटो काढून परत न येता मुलांना चित्रवही घेऊन एका भिंतीसमोर तासभर बसवावे आणि कोणीतरी ती कथा वाचून दाखवावी. एवढ्यासाठी फार पैसा लागत नाही, थोडी तयारी लागते.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते आपल्या मुलांना विद्यापीठाचे दार उघडावे म्हणून. त्या दारातून वकील, प्राध्यापक, अधिकारी, बँकांतले कर्मचारी बाहेर पडले. चित्रकारांची रांग अजून तोकडी आहे. येत्या जूनमध्ये आपल्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने चित्रकलेचा अर्ज समोर ठेवला, तर गप्प न बसता त्याच्याजवळ बसावे. मुख्य विषयाचा रकाना त्याने स्वतः भरावा. जोडविषयाचा रकाना मात्र दोघांनी विचार करून भरावा.

जय भीम! नमो बुद्धाय!